वर म्हणजे कुठं?

राजाचा हुकूम माणसाच्या गळ्यातून गावोगाव जायचा, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एक राज्य होतं. राजधानी उंच किल्ल्यावर होती आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नदी वाहत होती. राजाच्या पदरी हैबती नावाचा एक दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा, की या डोंगरावरून हाक दिली तर त्या डोंगरावर गुरं राखणारा वळून बघे. डफावर तीन थापा पडल्या की गाव गोळा व्हायचं आणि हैबती बोलू लागला की तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबायची.

हैबतीची आणखी एक ख्याती होती. हुकूम कितीही लांबलचक असो, तो एका वाक्यात बसवायचा. तो म्हणायचा, "कारण सांगितलं की माणसं वाद घालतात. नुसता हुकूम सांगितला की उठून कामाला लागतात." राजाला त्याचं कौतुक होतं. भर दरबारात राजानं त्याला चांदीचं कडं दिलं होतं.

एक गोष्ट मात्र हैबतीला खपायची नाही. दवंडी झाल्यावर कुणी "म्हणजे काय?" असं विचारलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. त्याला वाटायचं, हा आपल्या आवाजाचा अपमान आहे.

आता जरा त्या नदीविषयी सांगायला हवं. ती पलीकडच्या एका खोल दरीतून यायची. दरीत एकच गाव होतं. दोन्ही अंगांना उभे डोंगर, मधे नदी आणि नदीला लागून साठेक घरं. तिथल्या माणसांना दिशा दोनच ठाऊक होत्या. नदी जिकडून येते ते वर, आणि नदी जिकडे जाते ते खाली. कुणाचं शेत वर, कुणाचं शेत खाली. मिठाचं मडकं चुलीच्या वरच्या अंगाला, तेलाचं खालच्या अंगाला. सून सासऱ्याला म्हणायची, "मामंजी, जरा वर सरका," आणि सासरा पाट घेऊन नदीच्या उगमाकडे सरकायचा. डोंगराला ते लोक वर म्हणतच नसत. डोंगर म्हणजे रान. चढून जायचं असलं की म्हणायचे, "रानात जातो."

किल्ल्यावर या बोलण्याची मोठी थट्टा चालायची. तिथल्या माणसांना वर म्हणजे उंच, एवढंच माहीत. "दरीतल्या लोकांना वर-खाली कळत नाही," असं म्हणून ती हसायची. हैबती तर दरीतल्या माणसाची नक्कल करून दाखवायचा. मधे बसून सगळ्यांना पोट धरून हसायला लावायचा.

एका वर्षी पावसाळा सरला, आभाळ मोकळं झालं, भातं निसवली, लोंब्या बाहेर आल्या. अशा ऐन वेळी एका पहाटे दरीच्या वरच्या टोकाला डोंगराचा कडा निखळला. माती, दगड, झाडं, सगळं नदीत आलं आणि पात्रात आडवा बांध पडला. दरीतल्या गावापासून ती जागा कोसभर लांब, वळणाआड. गावाला गडगडाट ऐकू आला, पण दिसलं काही नाही. दिसलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी नदी करंगळीएवढी झाली. गुरं कोरड्या पात्रात उभी राहून हंबरू लागली. भातात दूध भरायची वेळ, आणि पाटाला पाणी नाही. गाव घाबरून गेलं.

डोंगरमाथ्यावर मेंढरं घेऊन गेलेल्या एका धनगरानं तो बांध बघितला. बांधामागं पाणी चढत होतं. त्यानं मेंढरं तिथंच टाकली आणि धापा टाकत किल्ला गाठला.

प्रधानानं हैबतीला बोलावलं. "नीट ऐक. दरीतल्या गावापलीकडं, वळणाआड दरड कोसळून नदीत पाणी तुंबलंय. बांध मातीचा आहे, आज नाही तर उद्या फुटणार. नदीकाठच्या तिन्ही गावांना सांग. पाण्याचा लोंढा येणार आहे, तेव्हा लहानथोर सगळ्यांनी आजच्या आज वर जावं आणि पाणी ओसरेपर्यंत परत फिरू नये."

"जी," म्हणून हैबती निघाला.

पहिली दोन गावं किल्ल्याच्या पायथ्याची. त्यांचा बाजार किल्ल्यावर, त्यांच्या लेकी किल्ल्यावर दिलेल्या, त्यांची भाषाही किल्ल्याचीच. हैबतीनं डफ वाजवला आणि आपल्या पद्धतीनं एका वाक्यात सांगितलं, "ऐका होऽऽ! लहानथोर सगळ्यांनी आजच्या आज गाव सोडून वर जावं होऽऽ! राजाची आज्ञा!"

लोकांनी गाठोडी बांधली आणि किल्ल्याचा चढ धरला. कुणी काही विचारलं नाही. हैबती मनात म्हणाला, "बघा. एक वाक्य पुरतं."

दरीतल्या गावी तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. अंगाची लाही झाली होती. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पाणी कुठं तुंबलंय हे त्या साऱ्या गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. बोलता बोलता त्याचे डोळे सारखे कोरड्या पात्राच्या वळणाकडे जात होते. केव्हा एकदा सांगून मोकळा होतो आणि डोंगर चढून जातो, असं त्याला झालं होतं.

त्यानं तीन थापा मारल्या. माणसं धावत आली. त्यानं तेच वाक्य म्हटलं.

माणसांच्या चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. पाटील पुढे झाला. "म्हंजी राजाला कळलं म्हनायचं! आमी कालपास्नं त्योच इचार करतोय. वर जाऊन बगाया पायजे. समद्यांनी मिळून जायचं, व्हय ना?"

"सगळ्यांनी. लहानथोर. आत्ताच्या आत्ता," हैबती म्हणाला. आज्ञा इतक्या आनंदानं झेललेली त्यानं क्वचित बघितली होती.

इतक्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिचं नाव कोंडाई. ती या गावची सून, पण माहेर तिचं डोंगरमाथ्यावरच्या वाडीतलं. बोटाला पाचेक वर्षांची नात होती.

"दादा," ती म्हणाली, "वर म्हंजी कुटं?"

हैबतीच्या कपाळाची शीर उठली. "वर म्हणजे वर! आणखी कुठं असतं वर?"

"न्हाई, तसं न्हवं. आमच्या माहेरी—"

तिला पुढं बोलूच दिलं नाही. गर्दीतून तिचा मुलगाच ओरडला, "आये, गप की! दादा, तिचं काय मनावर घिऊ नगा. लगीन होऊन आली तवा माज्या आजीनं तिला सांगितलं, वर जाऊन घागर भरून आन. तर ही घागर घिऊन डोंगर चढून गेली! चाळीस वर्सं झाली, अजून तिला वर कुटं ते कळंना."

सगळा गाव हसला. आणि हैबतीही हसला. आपण किल्ल्यावर करतो ती थट्टा इथं हे लोकच आपसात करताहेत, याची त्याला मोठी गंमत वाटली.

आता बघा, त्या मुलाचं बोलणं हैबतीनं नीट ऐकलं असतं तर सगळं तिथंच उलगडलं असतं. वर म्हटल्यावर जी डोंगर चढली तिला हसतो तो गाव वर कशाला म्हणत असेल? पण हसणाऱ्याला विचार करायला फुरसत नसते. शिवाय त्याला निघायची घाई होती.

"म्हातारे," तो म्हणाला, "दोन अक्षरांचा शब्द आहे. तोही मीच समजावून सांगू का? सगळे करतील ते तू कर." डफ काखेत मारून तो डोंगराच्या पायवाटेला लागला.

अर्ध्या चढावर डोंगराची एक सोंड पुढे आलेली होती. तिथं दम खायला हैबती थांबला आणि त्यानं वळून बघितलं.

चढावर त्याच्या मागं कुणी नव्हतं. फक्त खूप खाली एक म्हातारी पोरीचा हात धरून त्याच्याच वाटेनं हळूहळू चढत होती.

मग त्याला बाकीचे दिसले. नदीच्या कोरड्या पात्रातून माणसांची लांब रांग चालली होती. पुरुषांच्या खांद्यावर कुदळी आणि फावडी. बायांच्या डोक्यावर पाट्या, पाट्यांत भाकरीची फडकी. पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली. सगळी लगबगीनं वळणाकडे निघाली होती, बांधाकडे. राजानं बोलावलंय, सगळ्यांनी मिळून नदी मोकळी करायची, एवढंच त्यांना कळलं होतं.

क्षणभर हैबतीला समजेना आपण काय बघतोय. आणि मग एकदम समजलं.

तो सोंडेच्या टोकाशी धावला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून सगळ्या ताकदीनं ओरडला, "वर! वर जा! अरे, वर जा होऽऽ!"

आवाज दरीभर घुमला. रांग थांबली. माणसांनी माना वळवून सोंडेकडे बघितलं. पाटलानं हात उंचावून कळल्याची खूण केली. आणि रांग आणखी भराभर चालू लागली. काहींनी तर पळायला सुरुवात केली.

"वर!" हैबती ओरडत राहिला. "वर! वर!" भीतीनं त्याचं डोकं बधिर झालं होतं आणि तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. जितक्यांदा तो ओरडला तितक्यांदा त्यांनी पाय उचलले.

अखेर त्याला सुचलं. "रानात!" तो किंचाळला. "डोंगर चढा! रानात जा!" पण तोवर वळणाआडून घरघर सुरू झाली होती. मोठं जातं फिरावं तशी घरघर. त्यापुढं माणसाचा आवाज कसला टिकतो? वळणावर मातकट रंगाची भिंत आली. झाडं उभीच्या उभी वाहत आली. रांगेतले पुढचे थबकले, मागचे वळले, काहींनी काठाची दरड धरली. हैबतीला ते सगळं दिसलं. डोळे मिटून घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

ज्या गावाला एका वाक्यात हुकूम सांगितला, ते बुडायलाही एका वाक्याएवढाच वेळ लागला.

वाचले ते गुरं घेऊन रानात गेलेले चौघं गुराखी, आणि कोंडाई, आणि तिची नात. कोंडाईचा मुलगा आणि सून रांगेत पुढेच होती.

आठ दिवसांनी दरबार भरला. राजा मनानं वाईट नव्हता. त्यानं आठ दिवस जेवण टाकलं होतं. पण एवढी माणसं गेली ती कुणाच्या चुकीनं, हे ठरवायला हवं होतं, आणि दरबारातल्या प्रत्येकाला एवढंच हवं होतं, की ती चूक आपली नसावी.

प्रधानानं विचारलं, "हैबती, मी सांगितला तसा निरोप दिलास ना?"

हैबती मान खाली घालून उभा होता. "वर जा म्हणून सांगितलं, महाराज."

"पाणी तुंबल्याचं सांगितलंस?"

इथं खरं बोलायची पहिली संधी होती. हैबतीच्या ओठावर ते आलंही. पण त्यानं राजाकडे बघितलं, भालदाराच्या हातातल्या भाल्याकडे बघितलं, आणि तो म्हणाला, "सांगितलं, महाराज."

"कुणी काही विचारलं होतं?"

"नाही."

खांबापाशी कोंडाई बसली होती. ती उठली. "म्या इचारलं व्हतं, महाराज. वर म्हंजी कुटं, असं."

हैबतीकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. तो म्हणाला, "गर्दी होती. मला आठवत नाही."

कोंडाईनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. बुडणाऱ्यानं काठावरच्या माणसाकडे बघावं तसं ते बघणं होतं. हैबतीनं मान वर केली नाही.

शास्त्रीबुवांना बोलावलं. त्यांनी पोथी सोडली आणि वर या शब्दाचा अर्थ उंच असाच आहे, हे चार ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. मग प्रधान कोंडाईला म्हणाला, "बाई, तू डोंगर चढलीस ना?"

"चढले."

"म्हणजे तुला निरोप बरोबर कळला. ज्याअर्थी तुला कळला, त्याअर्थी निरोपात खोट नव्हती. ज्यांना कळला नाही, ती त्यांची समज."

जी वाचली तिचं वाचणंच पुरावा ठरलं, तेही गेलेल्यांच्या विरुद्ध. कोंडाईला धान्याचं एक पोतं देऊन परत पाठवलं.

निकाल लागला. असं पुन्हा घडू नये म्हणून राजानं नवा हुकूमही काढला, की यापुढे राज्यात वर या शब्दाचा अर्थ उंच एवढाच धरावा. आणि दवंडीवर कुणी उलट प्रश्न करून गोंधळ माजवू नये. हा हुकूम गावोगाव पोचवायचं काम अर्थातच हैबतीकडे आलं. सुरुवात दरीतल्या गावापासून करायची होती.

हैबती गेला. जिथं साठ घरं होती तिथं गुडघाभर गाळ होता आणि गाळातून एका घराची आडवी तुळई वर आलेली होती. हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं डफावर तीन थापा मारल्या आणि रिकाम्या दरीला ओरडून सांगितलं, की आजपासून वर म्हणजे उंच. डोंगरानं ते तीनदा परत म्हटलं. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

उतारावर, पाण्याच्या खुणेच्या पुष्कळ पल्याड, गुराख्यांनी कोंडाईला कुडाचं खोपट बांधून दिलं होतं. हैबती तिथवर चढून गेला. ती नातीच्या केसांत बोटं घालून गुंता सोडवत बसली होती. त्याला वाटलं होतं, ती शिव्या देईल. निदान दार तरी लावून घेईल. पण खोपटाला दार नव्हतं.

तो उंबऱ्याबाहेर बसला. मग म्हणाला, "आजी, मी दरबारात खोटं बोललो."

"ठावं हाय मला."

"तू मला विचारलं होतंस. मला आठवतं. तू काय काय बोललीस ते शब्दन् शब्द आठवतं."

कोंडाई गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "तुजं काय ते तुज्यापाशी. मला मात्र एकच टोचतं बग. समदी हसली, तवा म्या गप बसले. हसली तर हसली, म्या पुन्यांदा इचाराया पायजे व्हतं. चाळीस वर्सं हसत्यात, आनखी एक डाव हसली असती." ती नातीकडे बघून थांबली. "माजं पोर हसत हसत गेलं रं वर."

ज्याची चूक होती तो चांदीचं कडं घालून बसला होता, आणि जिची काहीच चूक नव्हती ती स्वतःला दोष देत होती.

त्याच दिवशी हैबती किल्ल्यावर परतला आणि प्रधानापुढं उभा राहून त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. कारण गाळलं होतं, म्हातारीनं विचारलं होतं, आपण तिला हसलो होतो, सगळं. प्रधानानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे दरबारात बोलायचं होतंस," प्रधान म्हणाला. "आता निकाल झालाय, हुकूम निघालाय. तू खोटा ठरलास तर राजाचा न्याय खोटा ठरेल. जा, अजून पुष्कळ गावं राहिलीत."

हैबतीला शिक्षा झाली नाही. त्याचं कामही गेलं नाही. तो म्हातारा होईपर्यंत दवंडी देत राहिला. पण त्याची पद्धत पार बदलली. आता तो हुकुमाचं कारण सांगायचा. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायचा. हातानं दिशा दाखवायचा. आणि सांगून झालं की गर्दीकडे बघून विनवायचा, "कुणाला काही विचारायचंय? विचारा बाबांनो. कितींदाही विचारा."

कुणी विचारायचं नाही. प्रश्न करायचा नाही हा राजाचा हुकूम होता, आणि तो त्यांना खुद्द हैबतीनंच ऐकवला होता. शिवाय दरीतल्या म्हातारीचं दरबारात काय झालं तेही सगळीकडे पोचलं होतं. लोक हात जोडून उभे राहायचे. हैबतीनं "कळलं का?" म्हटलं, की गावचं गाव मान डोलवायचं. "कळलं, कळलं," म्हणायचं.

मग माणसं आपापल्या घरी जायची आणि हैबती चावडीसमोर एकटाच उभा राहायचा. कुणाला काय कळलंय हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

म्हणून सांगणं एवढंच, की "म्हणजे काय?" हा साधा प्रश्न ज्याला सोसत नाही, त्यानं दुसऱ्याला वाट दाखवायला जाऊ नये.